लैशची कमान आणि हौदाचा फाटा

सरपंचानं मला फसवलं. सरपंच माझा सख्खा मामेभाऊ आहे. त्यानं माझीच सही वापरून आमच्या फाट्याचं नाव काढून घेतलं आणि एका पुढाऱ्याच्या स्वर्गवासी वडिलांना देऊन टाकलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी तापलो तर हा एवढा का तापतोय, असं कोणी विचारायला नको.

मी बैलांचा व्यापारी. आमच्याकडं अशा माणसाला हेडी म्हणतात, आणि म्हणताना नाक जरा मुरडतात. मुरडू देत. दुसऱ्यांची जनावरं बाजारापर्यंत हाकत नेण्याच्या मजुरीपासून मी सुरुवात केली, आणि आज आसपासच्या कुठल्याही बाजारात मी रुमाल काढला की बाकीचे हेडी सावरून उभे राहतात. आमचा सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि भाव बोटांतच सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही. त्या रुमालाखाली मी सहसा कोणाला हरलेलो नाही. म्हणूनच मामेभावानं जे केलं त्याचा मला नुसता राग येत नाही, शिसारी येते.

गेवराईहून उमापूरकडं जाताना एका ठिकाणी डावीकडं आमच्या गावाचा रस्ता फुटतो. मी तिथं जागा घेतली तेव्हा खडक होता, चार बाभळी होत्या आणि एक वाळलेली बोर. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या तिथूनच कारखान्यांकडं निघायच्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या, सगळा संसार उन्हात मांडून ट्रकची वाट बघत दिवस दिवस बसायच्या. माणसं कुठून तरी घागरभर पाणी आणायची. बैलांना कोण आणणार? मी बोअर घेतली. पहिली कोरडी गेली, दुसरीला पाणी लागलं. मग बारा बैल एका वेळी तोंड घालतील एवढा हौद बांधला. खोटं कशाला बोलू, पुण्यासाठी नाही बांधला. जनावर पाण्याला थांबलं की मालक थांबतो, मालक थांबला की बोलणं निघतं, आणि बोलणं निघालं की सौदा होतो. पण त्या पाण्याचा मोबदला मी कोणाकडं मागितला नाही, आणि हौदावर माझं नावही टाकलं नाही.

नाव लोकांनीच दिलं. टोळीचा मुकादम ट्रकवाल्याला फोनवर सांगायचा, "हौदावर ये." मग एसटीचा कंडक्टर ओरडायला लागला, "चला, हौदाचा फाटा!" नाव असं पडतं. त्यासाठी कोणी बैठक घेत नाही. तीन-चार वर्षांनी लग्नाच्या पत्रिकांवर ते छापून आलं तेव्हा मी एक पत्रिका घरी आणून बायकोला दाखवली. ती म्हणाली, "लगीन कुणाचं हाय ते तरी वाचलं का?" मी वाचलं नव्हतं.

मामेभाऊ सरपंच झाला आणि एके दिवशी ग्रामसेवकाला घेऊन माझ्या शेडवर आला. ग्रामसेवकाच्या काखेत नकाशाची गुंडाळी होती.

"दादा, फाट्यावर कमान उभी करायची हाय. गावाची शान. एक खांब तेवढा तुमच्या जागंत यायलाय."

"किती जागा लागंल?"

"दोन हात."

"कुणाचे दोन हात? तुझे का ग्रामसेवकाचे?"

ग्रामसेवक हसला. मामेभाऊ हसला नाही. तो सगळं बोलणं पाठ करून आला होता.

मी घासाघीस सुरू केली. म्हणालो, कमान उंच पाहिजे, उसानं भरलेली गाडी खालून गेली पाहिजे. तो म्हणाला, "एवढी उंच कावून? विमान न्यायचंय का?" मी म्हणालो, "आधी तुझंच डोकं जातंय का बघ. सरपंच झाल्यापून लई हवा भरलीय." तासाभरात उंची वाढवून घेतली. खांब हौदापासून चार पावलं लांब सरकवून घेतला. वर दिवा लावायचा आणि त्याचं बिल ग्रामपंचायतीनं भरायचं, हेही कबूल करून घेतलं. प्रत्येक मुद्द्यावर तो उसळायचा, ग्रामसेवकाकडं बघून कपाळावर हात मारायचा आणि शेवटी माघार घ्यायचा. ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "पार लोळवला त्याला."

ती म्हणाली, "एवढ्या लौकर लोळणारं बेणं न्हाई ते. नीट बघा."

मी बघितलं नाही.

आमच्या धंद्यात एक डाव आहे. बैल मागच्या पायानं लंगडत असेल तर गिऱ्हाइकाला दातांवर, म्हणजे वयावर भांडायला लावायचं. आपण म्हणायचं चारदाती आहे. त्यानं जबडा उघडून म्हणायचं, सहादाती आहे. आपण चिडायचं, लेकराबाळांच्या शपथा घ्यायच्या, रुमाल झटकून निघून जायचं नाटक करायचं, आणि शेवटी हताश होऊन त्याचं म्हणणं मान्य करायचं. जिंकल्याच्या आनंदात गिऱ्हाईक बैल चालवून बघायचंच विसरतं. हा डाव मी किती जणांवर टाकला, ते आता आठवतही नाही. मामेभाऊ माझ्याबरोबर बाजार फिरलेला. माझा डाव त्यानं माझ्यावरच टाकला. उंचीवर मी भांडलो, खांबावर भांडलो, दिव्यावर भांडलो. कमानीवर लिहिणार काय, हे विचारलंच नाही. फाट्यावरच्या कमानीवर फाट्याचंच नाव असणार, यात विचारायचं काय, असं मला वाटलं.

उद्घाटनाला आधी गाड्या आल्या, मग धूळ आली, मग पुढारी आले. जेसीबी उभा करून त्याच्या दातेरी तोंडातून झेंडूची फुलं ओतली. ज्या यंत्रानं नदीची वाळू रात्रंदिवस ओरबाडली जाते त्याच यंत्रानं फुलं उधळायची, ही आमच्या भागातली भक्ती. दोरी ओढली, कापड पडलं, वर सोनेरी रंगाची अक्षरं. पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव आणि त्यापुढं 'नगर'. ते वडील या फाट्यावर कधी उतरले असतील तर फक्त पंक्चर काढायला. पुढारी रुमालानं डोळे पुसत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. रुमाल कोरडा होता.

मी ओरडलो, "हे नाव कुणी ठरवलं?" ढोलांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मामेभाऊ मात्र लगबगीनं आला, माझ्या गळ्यात हार घातला आणि कानाशी लागून म्हणाला, "दादा, लोक बघायलेत. हसा." त्या फोटोत मी हसतोय असं लोक सांगतात. मी दात आवळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर गेलो. पाण्यात हार सडायला लागलेले. चहाचे कागदी कप, पेढ्यांचे खोके, नारळाच्या शेंड्या, कोणीतरी थुंकलेल्या गुटख्याचा लाल तवंग. एक म्हातारा त्याची जोडी घेऊन आला. जोडीतल्या एका बैलानं मान खाली घातली, नाक पाण्याजवळ नेलं, फुरफुरला आणि चार पावलं मागं सरला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरलो आणि ती घाण हातानं काढली. हारांचा बुळबुळीत लगदा बोटांना चिकटत होता. साबणानं तीनदा हात धुतले, तरी भाकरी तोंडाजवळ नेली की तो वास यायचा. दोन दिवस मी जेवलो नाही म्हणा ना.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून ठरावाची नक्कल काढली. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेतला ठराव. मला ती सभा आठवते. झेंडा झाला, जिलेबी वाटली, आणि शिपायानं वही फिरवली. पानाचा वरचा भाग कोरा, खाली सह्यांच्या रांगा. आमच्याकडं अशीच पद्धत आहे: सही आधी, ठराव मागाहून. सगळे हजेरी म्हणून सही करतात, बोटाचा जिलेबीचा पाक वहीला पुसतात आणि घरी जातात. बैलाची पावती मी दोनदा वाचतो, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. पण त्या कोऱ्या पानावर सही मीही केली. आता त्या कोऱ्या जागेत लिहिलेलं होतं की फाट्यास अमुकांचं नाव देण्याचं सर्वानुमते ठरलं. सूचक म्हणून एक सदस्य. अनुमोदक म्हणून मी.

ती नक्कल मी पहिल्यांदा मास्तरांना दाखवली. मास्तर ख्रिस्ती, मूळचे जालन्याकडचे. तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते, दोन वर्षं हिब्रू शिकले, मग ते सोडून शाळामास्तर झाले. निवृत्त झाल्यावर फाट्याजवळ त्यांनी मोसंबीची बाग घेतली. बागेला पाणी सोडलं की माझ्या शेडमध्ये पेपर वाचत बसतात. त्यांनी नक्कल वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हाला लैश माहिताय का?"

"कुठला? बैल का माणूस?"

"शहर. ज्यूंच्या जुन्या शास्त्रातलं."

आणि त्यांनी सांगितलं. त्या देशाच्या पार उत्तरेला, बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी मोठमोठे झरे आहेत. त्या झऱ्यांवर लैश नावाचं शहर होतं. लैश म्हणजे सिंह. पण माणसं सिंहासारखी नव्हती. शांत, निवांत, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली. दान नावाच्या एका वंशाला राहायला मनाजोगती जमीन मिळेना. त्यांनी पाच माणसं पाठवली. ती लैशला गेली, फिरली, पाहुणचार घेतला असेल, आणि परत येऊन म्हणाली, पाणी भरपूर आहे, जमीन चांगली आहे आणि लोक बेसावध आहेत, चला.

"पाच माणसं," मी म्हणालो. "आमच्याकडं दोनच आलती. नकाशा घेऊन."

"सहाशे हत्यारबंद माणसं निघाली. वाटेत एका माणसाचं देवघर लुटलं. त्याचे देव घेतले, त्याचा पुजारीही फितवून नेला. तो बिचारा शेजारीपाजारी गोळा करून मागं पळाला. तर हे त्यालाच म्हणतात, तुला झालंय काय? आरडाओरडा करू नको, आमच्यात गरम डोक्याची माणसं आहेत, जिवाला मुकशील."

"मग?"

"मग काय. ते जास्त होते, याची माणसं थोडी. गेला घरी."

पुढं लैशचं जे व्हायचं ते झालं. माणसं कापली, शहर जाळलं. मदतीला कोणी आलं नाही, कारण मदत करणारे लांब होते आणि लैशच्या लोकांचे कोणाशी लागेबांधे नव्हते. मग त्यांनी तिथंच शहर पुन्हा बांधलं आणि आपल्या मूळपुरुषाचं नाव त्याला दिलं. दान.

"बापाचं?"

"बापाचंच म्हणा. आणि दानचा अर्थ सांगू? न्याय केला, असा काहीतरी होतो."

मी शेडच्या बाहेर जाऊन थुंकून आलो. बेसावध माणसांचं शहर जाळायचं आणि त्याला न्यायाचं नाव द्यायचं! मास्तर शांतपणे मोसंबी सोलत होते. म्हणाले, "पुढं एका राजानं तिथं सोन्याचं वासरू बसवलं, पूजेसाठी."

"दात बघितलते का?"

मास्तरांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "पण खरी गोष्ट निराळीच आहे. हे सगळं लिहिलं कोणी? लैशवाल्यांनी नाही, ते मेले. जिंकणाऱ्यांच्याच शास्त्रात लिहिलंय. त्यात साफ लिहिलंय की लोक शांत होते, बेसावध होते. आणि हेही लिहिलंय की या शहराचं नाव आधी लैश होतं. दडवलं नाही."

मी विचारलं, "चोरांच्याच वहीत?"

"चोरांच्याच वहीत."

मास्तरांनी आणखीही सांगितलं. ते शहर पुढं ओस पडलं, मातीचा ढिगारा झाला, आणि तिथले अरबी बोलणारे लोक त्या ढिगाऱ्याला काझीची टेकडी म्हणायला लागले. न्यायाधीशाची टेकडी. म्हणजे शहर मेलं तरी नावाचा अर्थ तेवढा राहिला. अलीकडं ती टेकडी खणली तर खालून लैशच्या काळातली वेस निघाली. कच्च्या विटांची, आणि वर कमान. बांधल्यावर थोड्याच काळात कोणीतरी ती मातीनं बुजवून टाकली होती, म्हणून टिकली.

"कमानीवर कुणाचं नाव हाय?"

"कोणाचंच नाही."

कित्येक दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना. दान वंशाचे लोक दरोडेखोर होते, खुनी होते, माझं त्यांच्याबद्दल काही चांगलं मत नाही. पण त्यांच्या वहीत एक ओळ तरी राहिली. आमच्या वहीत जिलेबीचा पाक आहे आणि माझी सही आहे, ती ओळ नाही. मी ठरवलं, पुढाऱ्याचं नाव पुसायचं बळ माझ्यात नाही, तर निदान त्याखाली एक ओळ लिहून घ्यायची. पूर्वीचं नाव हौदाचा फाटा. एवढंच.

अर्ज लिहायला बसणार तेवढ्यात एक म्हातारी रिक्षातून उतरली आणि सरळ माझ्या अंगावर आली. ती दरवर्षी टोळीबरोबर जायची, आता थकली म्हणून मागं राहते. लेकीकडून परत येताना एसटीत बसली होती. नव्या कंडक्टरनं कमानीवरचं नाव पुकारलं, हिला वाटलं दुसरंच गाव आलं, ही बसून राहिली ती थेट उमापूरला पोचली.

"नाव बदललं तर सांगायचं न्हाई का रे? डोंबलाचं नगर! रिक्षावाल्यानं पोतं फेकावं तसं फेकलं मला."

"म्या न्हाई बदललं, मावशे."

"तू न्हाई बदललं? मग चिंध्यादेव कुणी बदलला?"

मला आठवलं. ती वाळलेली बोर. तिच्या काट्यांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. ऊसतोडीला निघताना बायका लुगड्याची चिंधी फाडून तिथं बांधायच्या, की आम्ही सगळे परत येऊ दे. परत आलं की नारळ. त्या जागेला तेव्हा चिंध्यादेव म्हणत, हे मी साफ विसरलो होतो. हौदाचा पाया खणताना ती बोर मध्ये येत होती. मी तोडली. चिंध्यांसकट गवंड्यांच्या चहाच्या चुलीत घातली.

"तू पाणी दिलंस म्हून आमी बोललो न्हाई," म्हातारी म्हणाली. "पण मला इचारलं व्हतं का कुणी?"

मला स्वतःचीच किळस आली. मी तिला म्हणालो, "मावशे, चुकलं. म्या तोडली. तुमचं चिंध्यादेवबी लिहून घेतो." तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी लंगड्या बैलाकडं बघतो.

अर्जात दोन ओळी झाल्या. पूर्वीचं नाव हौदाचा फाटा, त्यापूर्वीचं चिंध्यादेव. तो घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. मामेभाऊ खुर्चीत होता, ग्रामसेवक शेजारी.

"दादा, आता सगळं वर रेकॉर्डला गेलं. न्हाई बदलत."

"बदलू नको. खाली दोन ओळी लिही."

"सायबाच्या वडलांच्या नावाखाली चिंध्या लिहू? डोकं फिरलं का तुमचं?"

"काय बे, त्या वहीत म्या अनुमोदन कधी दिलं?"

"सही तुमची न्हाई का?"

"सही हजेरीची हाय."

त्यानं ग्रामसेवकाकडं बघितलं. ग्रामसेवक पंख्याकडं बघत होता. मग मामेभाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, तुमी आत्याचं पोरगं म्हून सांगतो. सायबाची पोरं लई गरम हायेत. उगं आवाज वाढवू नका. धंदा हाय तुमचा, शेड हाय, हौद हाय."

लुटलेल्या देवांमागं पळालेला तो माणूस असंच काहीतरी ऐकून घरी गेला होता. मी गेलो नाही. अर्ज टेबलावर ठेवला आणि पोच मागितली. ग्रामसेवकानं शिक्का सापडत नाही असं सांगितलं. तो सापडेपर्यंत मी तिथंच बाकावर बसलो, सव्वाचारपर्यंत. शिक्का ग्रामसेवकाच्याच खिशात होता.

ती पोच माझ्याकडं आहे. अर्जाला अजून उत्तर नाही. म्हणून आता इथं, चार लोकांसमोर मागतो. चिंध्यादेवाचं उत्तर मी म्हातारीला दिलं. बोर मी तोडली, विचारलं नाही, चूक माझी. आता सरपंचा, तू दे. माझ्या सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत तो ठराव कोणाच्या हातानं लिहिला गेला, कोणत्या दिवशी, आणि लिहिताना त्या खोलीत कोण कोण बसलं होतं? आत्याचा मुलगा म्हणून विचारत नाही. त्या ठरावाचा अनुमोदक म्हणून विचारतो, आणि ती वही उघडून, सगळ्या गावासमोर, माझ्या तोंडाकडं बघून तू उत्तर दिलंच पाहिजे.